हलक्या आवाजाचा सराव

१४ जानेवारी
मिल क्रीक, मिझुरी

नॅडीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच चुलीत टाकशील, असं ओपल म्हणते. माझी बायको सहसा चुकत नाही. पण टाकलं नसशील तर पुढे वाच. काम छोटंच आहे.

मला टर्कीच्या मादीची घुरघुर शिकायची आहे. शिकारीत टर्कीला भुलवायला जी लाकडी पेटी घासून वाजवतात तिच्यावर नाही, तू करायचीस तशी, तोंडात शिट्टी धरून. घोड्याच्या नालेच्या आकाराची ती एवढीशी चौकट, मधे फुग्याच्या रबरासारखा पातळ पडदा, आणि ती म्हणे टाळूला लावायची आणि जिभेनं दाबून वाजवायची. मी लावली. पहिल्या दिवशी ओकारी आली. दुसऱ्या दिवशी आवाज आला, तो ऐकून बिस्किट पलंगाखाली गेला आणि जेवायलासुद्धा बाहेर आला नाही. बिस्किट म्हणजे आमचा कुत्रा. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तू पाहिलेला कुत्रा आणि त्याच्यानंतरचा एक, दोघेही सफरचंदाच्या झाडाखाली झोपलेत.

पप्पांचं कपाट आवरताना तंबाखूचा एक डबा सापडला. आत तीन शिट्ट्या. तुझ्या. रबर विरून गेलेलं. बावीस वर्षं तुझं नाव घरात कुणाला काढू दिलं नाही, आणि शिट्ट्या मात्र जपून ठेवल्या. आपला म्हातारा असाच होता. त्यातली एक मी तोंडात घालून पाहिली, हे ओपलला कळू देऊ नकोस.

नोव्हेंबरात त्यांच्या मातीला तू आलीस. शेवटच्या बाकावर बसलीस आणि चर्चमधल्या जेवणाआधीच निघून गेलीस. ओपलनं तुझ्यासाठी गोड पिकन-पायचा मोठा तुकडा बाजूला काढून ठेवला होता. दोन दिवसांनी तो मीच खाल्ला.

तू म्हणशील, एकोणसत्तराव्या वर्षी हे खूळ कशाला? कारण खांदा. पेटी वाजवायची तर हात हलवावा लागतो, आणि उजवा खांदा आता कुरकुरतो. दुसरं काही नाही. शिवाय माझी पेटी दोन डोंगरांपलीकडे ऐकू जाते, नर तिकडून उत्तर देतो आणि तिथेच उभा राहतो. शेवटची पन्नास पावलं तो घुरघुरीशिवाय येत नाही, हे तूच म्हणायचीस. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाला हलका आवाज कुठून येणार?

त्या दिवसाबद्दल मी काही काढत नाही. एवढंच विचारतो, घुरघुर करताना जीभ कुठे ठेवायची?

हारलन


४ फेब्रुवारी

नॅडीन,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो. पण पत्र परतही आलं नाही, तेव्हा लिहितो.

माझी अडचण जिभेची नाही, दातांची आहे. वरचे सगळे दात नकली आहेत, पाच वर्षं झाली. ती कवळी टाळूभर पसरलेली असते. तिच्यावर शिट्टी बसत नाही, सरकते, आणि नेमकी हाक मारायच्या वेळी दातांसकट बाहेर येते. परवा स्वयंपाकघरात मी लांब हाक मारायला गेलो तर दोन्ही वस्तू ग्रेव्हीच्या भांड्यात पडल्या.

ओपल म्हणाली, "हारलन, लग्नाच्या वेळी मी सुखदुःखात साथ देईन म्हटलं होतं. ग्रेव्हीचं कुणी काही बोललं नव्हतं."

"अगं, सराव केल्याशिवाय कसं येईल?"

"गोठ्यात कर. गाईंना तक्रार करता येत नाही."

म्हणून मी गोठ्यात करतो. गाईंनाही तक्रार करता येते, ते ओपलला माहीत नाही.

शेवटी क्लोव्हिस टेटकडे गेलो. तुला आठवतील. गावातले न्हावी, टर्कीचे आवाज काढायच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत परीक्षक असायचे, तीन वर्षं ओळीनं तुझ्या गळ्यात पदक त्यांनीच घातलं होतं. आता चौऱ्याऐंशीचे आहेत आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून ओळखीच्यांचेच केस कापतात. मला टॉवेल बांधून समोर बसवलं आणि म्हणाले, "वाजव."

मी वाजवलं.

"पोरा, तू फुंकतोयस. फुंकायचं नाही. चष्मा कसा पुसतोस? काचेवर 'हा' करतोस ना? तेवढाच श्वास, गरम. आणि ओठ थरथरू देत. जानेवारीत बसची वाट बघणाऱ्या पोरांचे थरथरतात तसे."

मी 'हा' केलं. काही झालं नाही.

"हाक सगळ्यांनाच येते," ते कात्री चालवत म्हणाले. "हाक म्हणजे 'इकडे या'. टुक् म्हणजे 'मी इथं आहे'. आणि घुरघुर म्हणजे 'मी दाणे टिपतेय, सुखात आहे, घाई कसली नाही'. तुझ्या आवाजात फार घाई आहे."

मग त्यांनी तुझी चौकशी केली. मी नेहमीची गोष्ट सांगितली. बी-बियाण्यांच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, बावीस वर्षं सांगतोय तीच: माझ्या बहिणीची घुरघुर इतकी हुबेहूब की सख्खा भाऊसुद्धा फसला. या गोष्टीवर लोक मान डोलावतात, 'बापरे' म्हणतात. क्लोव्हिस मानेवरचे केस झटकून झाल्यावर म्हणाले, "नराचं डोकं लाल असतं, म्हणून रानात लाल चिंधीसुद्धा नेऊ नये, हे नॅडीन आठ वर्षांची असल्यापासून दुसऱ्यांना शिकवायची. त्याच पोरीनं त्या दिवशी लाल रुमाल बांधला. मला कधी पटलं नाही बघ ते."

मी शिट्टी तोंडात घातली. तोंडात शिट्टी असली की उत्तर द्यावं लागत नाही.

हारलन


२७ फेब्रुवारी

नॅडीन,

तुझं पाकीट मिळालं.

आत चिठ्ठी आहे का म्हणून मी ते दोनदा उलटं करून झटकलं. ओपलनं दिव्यासमोर धरून पाहिलं. चिठ्ठी नव्हती. नुसती शिट्टी होती, लहान मापाची, दोन्ही बाजूंच्या कडा कात्रीनं कापून गोल केलेल्या. डाव्या बाजूला जरा जास्त. मी कवळीवर ती टेकवली आणि ती बसली, नॅडीन. सरकली नाही.

तू माझी पत्रं वाचतेस तर.

मी तसाच गोठ्यात गेलो. आधी टुक् आलं. एकच, स्वच्छ. मग चष्म्यावर करतो तसं 'हा' केलं आणि ओठ सैल सोडले. एवढीशी घुरघुर आली, चार बोटांची. लगेच विझली. पण ती आली होती, कारण गोठ्याच्या वाशावर बसलेल्या आमच्या कोंबडीनं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस कोंबडीला "ऐकलंस ना, ऐकलंस ना?" असं विचारत होता, हे तुला सांगायला हरकत नाही.

तू ही कला कुठून आणलीस, मला कधी कळलं नाही. ~~तुझी घुरघुर इतकी हुबेहूब होती की सख्खा भाऊ~~

वरची ओळ मी खोडली. सवयीनं हात गेला.

बर्फ वितळलंय. ओढ्याकाठच्या मोठ्या ओकखाली रोज दुपारी जाऊन बसायचं ठरवलंय, बंदुकीशिवाय. हंगामाला अजून सात आठवडे आहेत.

शिट्टीबद्दल आभार. लिहिता येत नाहीत मला असली वाक्यं, पण आभार.

हारलन


११ मार्च

नॅडीन,

हे पत्र ओपलला न दाखवता लिहितोय. खांद्याचं मी खोटं सांगितलं होतं. खांदा ठीक आहे.

परवा दुपारी ओकला पाठ टेकवून बसलो होतो. घुरघुर छान लागली होती. घुरघुर, टुक्, मग हातानं पाला खरवडायचा, मादी पायानं खरवडते तसा, मग पुन्हा घुरघुर. अर्धा तास झाला असेल. आणि मागे काटकी मोडली.

कुणीतरी हळूहळू, थांबत थांबत, माझ्या आवाजाच्या दिशेनं येत होतं. टर्की असं चालत नाही. माणूस असं चालतो. माझा हात पाल्यातच राहिला. रानात असं कुणी मागून आलं तर हात हलवायचा नाही, शिट्टी वाजवायची नाही, मोठ्यानं माणसाच्या भाषेत बोलायचं, हे मी शेकडो लोकांना सांगितलंय. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

ओपल होती. हातात बादली. "अरे देवा, तू आहेस होय! मला वाटलं खरीच आहे, म्हणून बघायला आले."

ती घरी गेली. मी तिथेच बसून राहिलो, अंधारून येईपर्यंत. कारण तू कशी बसली होतीस ते मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आता लिहितो. थांबलो तर परत लिहिणार नाही.

ठरल्याप्रमाणे ओढ्याच्या पूर्वेला मी, पश्चिमेला तू. पूर्वेला एकही टर्की बोलत नव्हती. तुझ्या बाजूला नर ओरडला. तू सलग तीन वर्षं पदक आणलं होतंस आणि पप्पा दुकानात सगळ्यांना सांगायचे, पोरीनं घेतलं, पोराला नाही जमलं. हे कारण नाही. पण माझ्या डोक्यात ते होतं. मी ओढा ओलांडला. मग मादीची घुरघुर ऐकली. म्हटलं, मादी इथं आहे म्हणजे नर तिच्यामागे असणारच. आवाजामागे जायचं नाही, झाडाला पाठ लावून बसायचं आणि आवाज आपल्याकडे येऊ द्यायचा, हा आपला पहिला धडा. मी पोटावर सरपटत आवाजामागे गेलो. पडलेल्या ओंडक्यापलीकडे पाला उडत होता आणि काहीतरी काळं हलत होतं. मी नर पाहिला नाही. डोकं पाहिलं नाही. नराच्या छातीवर लोंबते ती केसांची दाढी पाहिली नाही. काळं हललं आणि मी चाप ओढला.

तो तुझा हातमोजा होता. तू पाला खरवडत होतीस.

तुझ्या अंगावर लाल काही नव्हतं. हातमोजे सोडले तर टोपीपासून बुटांपर्यंत तू हिरवी होतीस. लाल रुमाल माझा होता. माझ्या मागच्या खिशातला. तुझ्या तोंडावर, डोळ्यावर मीच तो दाबून धरला होता आणि ओढ्यातून तुला उचलून आणत होतो. रस्त्यावर वनखात्याचा माणूस भेटला. त्यानं तो रुमाल पाहिला आणि विचारलं, "हा हिच्या अंगावर होता?"

त्यानं विचारलं नसतं तर कदाचित मला सुचलंही नसतं. मी 'हो' म्हणालो. तू बोलू शकत नव्हतीस.

मग कागदावर ते चढलं. मग पप्पांना तेच सांगितलं. मग लोकांना. आणि नुसतं तेवढं सांगताना गळ्याखाली उतरत नव्हतं, म्हणून मी तुझ्या कौतुकाची गोष्ट जोडून दिली. बहिणीचं कौतुक करणाऱ्या माणसाला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

मला माफ कर असं लिहिणार होतो. आधी हे लिहिणं भाग होतं.

हारलन


२० मार्च
डलूथ, मिनेसोटा

हारलन,

शिट्टी पाठवली ती कुत्र्याच्या दयेपोटी. नकली दातांवर पूर्ण मापाची शिट्टी बसत नाही हे ज्याला पाच वर्षांत कळलं नाही, तो त्या जनावराला आणखी किती छळेल कोण जाणे.

डोळ्याचं मी कधीच सोडून दिलं. एका डोळ्यानं गाडी चालवते, विणते, शेजारणीची भांडणं बघते. ओठाचा डावा कोपरा बधिर आहे, कॉफी सांडते. त्याचीही सवय झाली. बंदूक हातात असलेल्या माणसाकडून चूक होते. तू धावत आलास, मला उचलून ओढ्यातून नेलंस, तू रडत होतास. ते मला आठवतं. तेवढ्यावर मी तुला त्याच आठवड्यात माफ केलं असतं.

तीन आठवडे मला बोलता येत नव्हतं. बोलता यायला लागलं तेव्हा पहिलं वाक्य मी पप्पांशी बोलले. मी म्हणाले, रुमाल माझा नव्हता. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हारलन खोटं बोलत नाही." पुढच्या महिन्यात मी सामान बांधलं.

शिट्ट्या त्यांनी ठेवल्या होत्या, ती ओळ मी दोनदा वाचली. पण ते गेले. त्यांना आता कुणी सांगू शकत नाही, ना तू, ना मी.

हे सगळं तू मला का लिहिलंस? मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. आणि ती कौतुकाची गोष्ट पुन्हा सांगितलीस असं कानावर आलं तर हा पत्रव्यवहार इथंच संपला. मी चांगलं वाजवायचे, हा माझा गुन्हा नव्हता.

जीभ सपाट ठेव, टोक खालच्या दातांमागे. तू ती उचलत असशील. लहानपणी शिट्टी मारतानाही उचलायचास.

नॅडीन


८ एप्रिल

नॅडीन,

जीभ उचलतच होतो.

आधी ओपलला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "दर नाताळाला मी त्या बाईला कार्ड पाठवते आणि मनात म्हणते, बये, कशाला बांधलास तो लाल रुमाल? बावीस वर्षं, हारलन. तू मला तिच्यावर रागवायला लावलंस." त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलली. पाचव्या दिवशी बसून कुणाला तरी पत्र लिहिलं. कुणाला ते मी विचारलं नाही.

मग काल. हंगामाआधी अग्निशमनाच्या शेडमध्ये नवशिक्यांचा वर्ग असतो, रानात कसं वागायचं, बंदूक कशी धरायची. क्लोव्हिस तो अजून घेतात. दरवर्षी मी तिथं जाऊन पेटी वाजवून दाखवतो आणि शेवटी तुझी ती गोष्ट सांगतो. वर्गात ती फार चालते. काल तिसेक माणसं होती, पोरंटोरं, त्यांचे बाप, मागे आपले नेहमीचे म्हातारे डोनट खात.

क्लोव्हिस म्हणाले, "आता हारलन मॅगर्ड त्यांच्या बहिणीची हकिकत सांगतील."

मी उभा राहिलो. म्हणालो, "दरवेळी सांगतो ती खोटी आहे. आज खरी सांगतो."

आणि सांगितली. पूर्व आणि पश्चिम, ओढा, सरपटणं, हातमोजा. रुमालाशी आलो तेव्हा माझा आवाज बसला. मागून कुणीतरी ओरडलं, "हारलन, जरा मोठ्यानं!" बघ ना, आयुष्यभर मला लोक हळू बोल म्हणत आले. मी मोठ्यानं म्हणालो, "रुमाल माझा होता. तिच्या अंगावर लाल काही नव्हतं. तिची काडीचीही चूक नव्हती."

कॉफीचं यंत्र तेवढं गळत होतं. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. बहुतेक लोक माझ्याकडे न बघता खुर्च्या आवरायला लागले. दुकानातल्या कट्ट्यावर माझी जागा आता असेल की नाही, सांगता येत नाही. एक बाप मात्र पोरीला घेऊन पुढे आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हे हिला पाच वर्षांनी पुन्हा येऊन सांगाल का?" मी हो म्हणालो.

सोमवारी वनखात्याच्या कचेरीत जाऊन तेच लिहून देणार आहे. त्यांचा कागद खूप जुना आहे, पण कागदाला नवा कागद जोडता येतो म्हणे. बंदूक क्लोव्हिसकडे ठेवली. त्यांनी ती घेतली आणि म्हणाले, "आणि शिट्टी?"

"शिट्टी माझ्याकडेच राहू द्या," मी म्हणालो. "ती माझी नाही. नॅडीननं पाठवलीय."

"मग नीट वाजव," म्हणाले.

हारलन


४ मे

नॅडीन,

डलूथला परत नीट पोचलीस ना? एवढा लांबचा रस्ता एका डोळ्यावर, आणि वर पाऊस. ओपल दर तासाला नकाशा बघत होती.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू यायच्या आधीची.

तू आलीस त्या दिवशी मी दुपारी तीनच्या सुमारास ओकखाली जाऊन बसलो होतो. हंगामातही दुपारी एक वाजल्यानंतर शिकार बंद असते, रान मोकळं होतं. घुरघुर केली. चष्म्यावरचा श्वास, जीभ सपाट, टोक दातांमागे. ओढ्यापलीकडून कुणीतरी तशीच घुरघुर केली.

मी जागचा हललो नाही. ऐकतेस ना? माझं सगळं अंग उठून तिकडे जायला बघत होतं आणि मी ओकला पाठ टेकवून बसून राहिलो. मी घुरघुर केली, तिनं केली. मग ती स्वतःच ओढा ओलांडून आली. मादी होती, तपकिरी, एका पायानं जरा लंगडती. माझ्या बुटांपासून पाच पावलांवर पाला खरवडायला लागली, जणू मी तिथं नव्हतोच. तिच्या पापण्या मला दिसत होत्या. पन्नास वर्षं मी या रानात येतोय आणि एवढ्या जवळून मी जिवंत टर्की कधी पाहिली नव्हती. जवळ आलेल्या सगळ्या मी मारल्या होत्या.

तेवढ्यात ती मान उंच करून पळाली, आणि पायवाटेवरून तुझा आवाज आला. "हारलन! मी नॅडीन. पायवाटेनं येतेय. एकटी आहे." मोठ्यानं, माणसाच्या भाषेत. आपण शिकवतो तसं.

मी वळून पाहिलं. पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते लिहून ठेवायचंय. तू लाल कोट घातला होतास. लाल टोपी. गळ्यात लाल मफलर. सगळं रान हिरवं होतं आणि तू डोक्यापासून पायापर्यंत लाल. उठताना माझ्या तोंडातून शिट्टी पडली, तिच्यामागे कवळी, आणि मी दात शोधत पाल्यात हात घालत असताना तू समोर येऊन उभी राहिलीस.

"बावीस वर्षं तू मला लाल घालतोयस," तू म्हणालीस. "म्हटलं, एकदा खरंच घालून बघावं."

मला हसू आलं, पण त्याआधी रडू आलं, आणि दात नसलेल्या माणसाचं रडणं काही बघण्यासारखं नसतं. तू खिशातून रुमाल काढून दिलास. पांढरा. तेही तू मुद्दाम केलंस, मला माहीत आहे.

दुकानातली माणसं तुला बघायला आली, ते तुला आवडलं नसेल. पण त्यांना यायचं होतं. क्लोव्हिसनी तुझ्या हाताचा मुका घेतला तेव्हा ओपल रडली आणि मग सगळा राग तिनं माझ्या थाळीत जळका पाव वाढून काढला. अजून काढतेय. काढू दे.

आणि व्हरांड्यातली ती संध्याकाळ. तू शिट्टी धुऊन तोंडात घातलीस आणि नुसती हवा आली, डाव्या कोपऱ्यातून थुंकी गळली. मी बघत बसलो. माझंच काम होतं ते, तो ओठ. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तोंड असं काय केलंयस? थांब जरा." ओठाचा कोपरा बोटानं दाबून धरलास, डोळे मिटलेस, आणि ती आली. लांब, सावकाश, कसली घाई नसलेली. बिस्किट पलंगाखालून निघाला, व्हरांड्यात आला आणि तुझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला. जानेवारीपासून तो माझ्या एका आवाजालाही बाहेर आलेला नाही. तेव्हा मला अजून किती शिकायचंय, ते कळलं.

तुझा लाल कोट इथं खुंटीवर राहिलाय, पप्पांच्या टोपीशेजारी. ओपल म्हणते, खोक्यात घालून पोस्टानं पाठव, डलूथला अजून थंडी असेल.

मी काही तो पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

तुझा भाऊ,
हारलन